‘बेटर कॉल सॉल’ रटाळ आहे का? एडिट टेबलावरून एक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका तुम्ही दोघा बहीणभावांनी झपाटल्यासारखी पाहिली. त्याच उत्साहात तिची स्पिनऑफ ‘बेटर कॉल सॉल’, म्हणजे तिच्यातल्या सॉल गुडमन या वकिलाची आधीची गोष्ट, लावली आणि घरात दोन तट पडले. दहा भागांत जे घडतं ते तीन भागांत सांगता आलं असतं, बाकी सगळं पाणी, असं तुमचं म्हणणं. तुम्हाला धीर नाही, असं बहिणीचं म्हणणं. तुम्ही चौथ्या सीझनच्या शेवटी थांबलाय, ती सहाही सीझन संपवून बसलीय. जाताजाता तुम्ही असंही लिहिलंय की अमली पदार्थांच्या धंद्यातले गस फ्रिंग आणि हेक्टर सलामांका पडद्यावर आले की मालिकेत जीव येतो. मी बरीच वर्षं मालिकांचं एडिट करतोय, तेव्हा निकाल मी द्यावा.

देतो. बहीण बहुतांशी बरोबर आहे, पण तिनं दिलेलं कारण मला पटत नाही. धीर वगैरे काही लागत नाही. प्रेक्षकाला धीर धरायला लावणारी मालिका मुळात कुठेतरी फसलेली असते. आणि एका ठिकाणी तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. गंमत अशी की त्या जागेची तुम्ही तक्रारच केलेली नाही, उलट तीच तुम्हाला आवडलीय. चौथ्या सीझनपर्यंतचं मी मोकळेपणानं बोलेन, पुढचं जपून.

आधी पाणी घालणं म्हणजे काय ते सांगतो, कारण ते काम मी स्वतः केलंय. डेली सोपचा भाग साधारण बावीस मिनिटांचा, आठवड्याला सहा. बँक संपत आली, म्हणजे पुढचे तयार भाग हातात उरले नाहीत, की सोळा मिनिटांच्या शूटिंगमधून बावीस मिनिटं काढायची असतात. मग थप्पड एकदा बसते आणि तीन अँगलनं तीनदा दिसते. खोलीतल्या सात माणसांचे सात रिअॅक्शन शॉट, प्रत्येकाला वेगळा ठेका. कालचाच सीन आज नायिकेची आठवण म्हणून परत. सासूबाई जिन्यावर उभ्या राहून मनातल्या मनात बोलतात, तेही प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेलं. या सगळ्याची परीक्षा सोपी आहे: तो तुकडा काढून टाका आणि पुढच्या भागांत काय बिघडतं ते बघा. काहीच बिघडत नसेल तर ते पाणी. आमच्याकडे बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. म्हणून तर लोक आठ दिवस गावाला जाऊन येतात आणि मालिका जिथे सोडली तिथूनच पाहू लागतात.

हीच परीक्षा ‘बेटर कॉल सॉल’ला लावू. सुरुवात तुमच्या मुख्य तक्रारीपासून, म्हणजे तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात माजी पोलीस माइक आपली गाडी सुटी करतो तिथून. आदल्या सीझनच्या शेवटी तो वाळवंटात रायफल रोखून बसलेला असताना मागे त्याच्या गाडीचा हॉर्न वाजत राहतो आणि काचेवर चिठ्ठी सापडते: नको. त्याचा ठावठिकाणा कुणाला तरी कळलाय. मग तो ती स्टेशन वॅगन भंगारवाल्याच्या आवारात नेतो आणि सीटा, दारांची अस्तरं, टायर असं एकेक करून उचकटतो. संवाद जवळजवळ नाहीत. काहीही सापडत नाही. शेवटी विकायला ठेवलेल्या पेट्रोल टाकीच्या झाकणांवर त्याची नजर जाते आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो: ट्रॅकर झाकणाच्या आत आहे. पुढचं आणखी शांतपणे. तसाच ट्रॅकर तो मिळवतो आणि झाकणात आपला बसवतो. त्यांच्या ट्रॅकरची बॅटरी रेडिओला जोडून संपवतो, म्हणजे समोरच्यांना वाटावं की यंत्र बंद पडलं. ते बदलायला येतात, माइकचाच ट्रॅकर घेऊन जातात, आणि आता माइक त्यांच्या मागावर.

तुम्ही म्हणता, एका वाक्यात सांगता आलं असतं: ‘त्यांनी माझ्या गाडीत ट्रॅकर लावलाय, मी तो उलटा त्यांच्यावरच वापरतो.’ सांगता आलं असतं. पण ते वाक्य माइकनं म्हणायचं कुणाला? तो एकटा आहे. आमच्याकडे त्याला एक मित्र दिला असता आणि चहाच्या टपरीवर सगळं बोलून टाकलं असतं. तिथं लेखकांनी प्रेक्षकालाच त्या कामाला बसवलं. तुम्ही रटाळ म्हणताय तो सीन पुन्हा नीट बघा, त्यात कट भरपूर आहेत. शॉट लांब नाहीत. लांब आहे ते तुमचं न कळणं. हा माणूस नेमकं काय करतोय, हा प्रश्न उघडा ठेवलाय आणि उत्तर उशिरा दिलंय. संथ वाटतो तो त्यामुळे.

आता काढून बघा तो सीन. त्या सीझनच्या शेवटच्या भागात चक, जिमीचा (म्हणजे पुढच्या सॉलचा) थोरला भाऊ, घरातली वीज शोधतोय. सगळे स्विच बंद केले तरी मीटर फिरतंच आहे, म्हणून तो भिंती फोडायला लागतो. प्लॅस्टर, वायरी, पुन्हा भिंत. दोन्ही सीनची बांधणी एकच आहे. एकटा, हुशार, हट्टी माणूस अदृश्य गोष्टीच्या मागे लागून आपल्याच मालकीची वस्तू उचकटतोय. माइक थांबून विचार करतो आणि त्याला सापडतं. चक थांबत नाही, त्याला सापडत नाही, आणि शेवटी तो काय करतो ते तुम्ही पाहिलंय. गाडीचा सीन तीस सेकंदांचा केला असता तर नऊ भागांनंतरच्या त्या भिंतींचं वजन निम्मं झालं असतं. एकाच सीझनच्या दोन टोकांना हे दोन सीन योगायोगानं येत नाहीत.

तशीच दुसऱ्या सीझनमधली बागेच्या रबरी पाइपची गोष्ट. माइक नातीबरोबर बसून पाइपला भोकं पाडतो. आजोबा-नातीचा गोड सीन म्हणून आपण सोडून देतो. मग त्यात खिळे बसतात, आणि पुढच्याच भागात भर रस्त्यात ट्रकचे टायर फुटतात.

सर्वांत मोठा हिशेब चकच्या आजाराचा. वीज सहन होत नाही म्हणून पहिल्या भागापासून घरात कंदील, अंगावर चंदेरी ब्लँकेट. येणाऱ्यानं फोन-किल्ल्या बाहेर टपालपेटीत ठेवायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. हा विधी मालिका पुन्हापुन्हा, न कंटाळता दाखवते. तुम्ही पहिल्या सीझनमध्येच वैतागून म्हणाला असाल, कळलं, पुढे चला. पण पंचविसाव्या भागात बार असोसिएशनच्या सुनावणीत जिमी सांगतो की चकच्या खिशात मोबाइलची चार्ज असलेली बॅटरी तासाभराहून जास्त वेळ आहे आणि त्याला काही जाणवलेलं नाही. तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. जवळजवळ अख्खा भाग एका खोलीत आहे. पाठलाग नाही, बंदूक नाही. तरी अख्ख्या ‘ब्रेकिंग बॅड’मधल्या कुठल्याही स्फोटाशेजारी मी तो ठेवेन. चोवीस भाग भरलेले हप्ते तिथे एकदम वसूल होतात.

मग ‘ब्रेकिंग बॅड’ वेगवान का वाटते? कारण तिला घड्याळ होतं. पहिल्याच भागात वॉल्टर व्हाइटला फुप्फुसाचा कर्करोग निघतो आणि फार तर दोनेक वर्षं, असं डॉक्टर सांगतात. त्यानंतर तो दाढी करत असला तरी वेळ सरतेय हे प्रेक्षकाला जाणवतं. जिमी मॅकगिलकडे तसलं काहीच नाही. २००२ सालच्या अल्बुकर्कीमध्ये ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत ऑफिस थाटलेला एक धडपड्या वकील, इतकंच. त्याला कुठे पोचायची घाई नाही, उलट तो जिथे पोचणार आहे तिथे त्यानं पोचू नये असंच आपल्याला वाटत राहतं. म्हणजे पहिली मालिका प्रेक्षकाला पुढे ढकलते आणि दुसरी मागे ओढते. दोन्हींकडे एकच स्टॉपवॉच घेऊन जाणं गैर आहे.

शिवाय तुमची आठवणही तुम्हाला थोडी फसवते. ‘ब्रेकिंग बॅड’चा तिसराच भाग आठवा. तळघरात गळ्याला सायकलचं कुलूप लावून बांधलेला माणूस, वर वॉल्ट. मारू की सोडू, याच घोळात जवळजवळ सगळा भाग जातो. सँडविच, फुटलेली बशी, बशीचे तुकडे जुळवणं, एक तुकडा कमी. तो गाडीच्या सीनचाच मोठा भाऊ आहे. तिसऱ्या सीझनमध्ये तर एक अख्खा भाग प्रयोगशाळेत शिरलेल्या एका माशीवर खर्ची पडलाय आणि त्यावरून प्रेक्षक आजही भांडतात. मंडळीही तीच. विन्स गिलिगन आणि पीटर गूल्ड यांनी स्पिनऑफ उभी केली. केली डिक्सन आणि स्किप मॅकडॉनल्ड हे संकलक पहिल्या मालिकेतूनच आले, संगीत दोन्हीकडे डेव्ह पोर्टरचं. या लोकांना वेगानं कापता येत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. चौथ्या सीझनमध्ये जिमी आणि त्याची जोडीदार, वकील किम, यांचे कित्येक महिने पडदा दोन भागांत विभागून अवघ्या काही मिनिटांत उरकलेत. दात घासण्यापासून ऑफिसपर्यंत दोघं एकमेकांपासून कसे सरकत जातात ते एकही भांडण न दाखवता कळतं. आमच्याकडे त्या दुराव्याचे साठ भाग झाले असते.

आता स्पिनऑफची स्वतःची अडचण. ही आधीच्या काळातली गोष्ट असल्यामुळे निम्मी माणसं अमर आहेत. जिमी मरणार नाही, माइक मरणार नाही, गस आणि हेक्टर तर नाहीच. सगळे पुढच्या मालिकेत हजर आहेत. त्यांच्यावर कितीही बंदुका रोखा, जाणत्या प्रेक्षकाच्या काळजाचा ठोका चुकत नाही. म्हणून ‘काय होणार’ यातला सगळा ताण लेखकांनी ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये नसलेल्या माणसांवर हलवला: चक, त्याच्या फर्ममधला भागीदार हॉवर्ड, सलामांकांच्या टोळीतले नाचो आणि लालो, आणि मुख्यतः किम वेक्सलर. सॉल गुडमन २००९ साली ‘ब्रेकिंग बॅड’च्या दुसऱ्या सीझनच्या आठव्या भागात पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या तोंडी किमचं नाव नव्हतं. मग ती गेली कुठे? हा प्रश्न सहा सीझन पुरतो, आणि तो फक्त किमला जवळून पाहिलेल्या प्रेक्षकालाच पडतो. जवळून पाहायला वेळ लागतो. किमची भूमिका करणाऱ्या ऱ्हिया सीहॉर्नचा चेहरा एखादी गोष्ट ठरवताना बदलतो तो अर्ध्या सेकंदात नाही, तीन-चार सेकंदांत. माझ्यासारख्याचा हात तिथे कट मारायला शिवशिवतो. त्यांनी मारलेला नाही.

त्याच २००९ च्या भागात आणखी एक बी पडलंय. वॉल्ट आणि त्याचा साथीदार जेसी सॉलला वाळवंटात नेतात, समोर खड्डा, आणि तो घाबरून बरळतो: मी नव्हे, इग्नासिओ होता तो, तुम्हाला लालोनं पाठवलं ना? तेव्हा ही नुसती नावं होती, मागे कुठलीच गोष्ट नव्हती. इग्नासिओ म्हणजे नाचो. लालो मात्र पडद्यावर येतो तो २०१८ मध्ये, चौथ्या सीझनच्या आठव्या भागात. तुम्ही नेमके तो आल्यावर दोनच भागांनी थांबलात! सबंध मालिकेतला सर्वांत चपळ माणूस तुम्ही उंबऱ्यावरून परत पाठवलाय.

या संथपणाचं आणखी एक कारण आहे. लेखकांना स्वतःलाच सगळं ठाऊक नव्हतं. सुरुवातीला अर्ध्या तासाची विनोदी मालिका करावी असाही विचार होता. जिमी लवकरच, पहिल्या सीझनच्या आसपास सॉल होईल असा अंदाज होता, पण जिमीच त्यांना इतका आवडला की ते टाळत गेले. ते नाव घेऊन वकिली करायचं तो ठरवतो चौथ्या सीझनच्या शेवटच्या मिनिटाला. चकचंही तसंच. खलनायक म्हणून हॉवर्ड डोळ्यांसमोर होता. खरा काटा सख्खा भाऊ आहे हे त्यांना पहिला सीझन लिहिता लिहिता उमगलं. असं चाचपडायची मुभा मिळते कशी? एएमसी वाहिनीनं पहिला भाग दिसायच्या आधीच दुसरा सीझन मंजूर केला होता. आमच्या धंद्यात गुरुवारी टीआरपी येतो आणि शुक्रवारी कथानक वळतं. तिथे लेखकाला एखाद्या पात्राबद्दल मत बदलायला सहा महिने मिळाले.

आता तुमची जागा. चौथ्या सीझनमध्ये गस जमिनीखाली अमली पदार्थांची प्रयोगशाळा खणायला घेतो. जर्मन इंजिनिअर, त्यांचं गोदामातलं राहणं, त्यांचा कंटाळा, माइकची देखरेख, मोजमापं, सुरुंग. माझी परीक्षा इथे लावा. प्रयोगशाळा होणार हे ठाऊक आहे, कशी दिसणार तेही ठाऊक आहे, वॉल्टनं तिथंच काम केलंय. व्हेर्नर झिग्लरचा शेवट आणि माइकनं तो स्वतःच्या हातानं करणं, एवढंच त्यातलं सोनं. त्यासाठी व्हेर्नर आपल्याला आवडायला हवा हे मान्य, पण त्याला दोन चांगले सीन पुरले असते. बाकीचा बराचसा भाग कापला तरी पुढे काही बिघडत नाही. माझ्या हातात असतं तर त्या सीझनमधून मी निदान दीड भागाचं फुटेज काढलं असतं.

आणि हेक्टर. त्याला पक्षाघात कसा झाला, पुढे बोलण्याऐवजी वाजवायची घंटी त्याच्या हाताशी कशी आली, हे सगळं बघताना तुम्ही सावरून बसलात. का? ओळख पटली म्हणून. ‘अरे, ही तीच घंटी!’ ही टाळी आहे, गोष्ट नव्हे. कुठल्याही स्पिनऑफचा खरा रोग हाच. मूळ मालिकेतली माणसं, वस्तू, जागा एकेक करून आणायच्या आणि त्यांचा जन्मदाखला दाखवायचा. त्या सीनमध्ये बंदुका असतात, धमक्या असतात, संगीत चढलेलं असतं, म्हणून ते वेगवान वाटतात. कथा मात्र जागची हलत नाही, कारण शेवट मूळ मालिकेतच ठरलेला आहे. नाचोमुळे त्यात थोडी धग राहते, कारण गोळ्या बदलतो तो आणि तो वाचेल याची हमी नाही. उलट ज्या सीनमध्ये जिमी आणि किम पार्किंग गॅरेजमध्ये एक सिगारेट दोघांत ओढतात आणि तुम्ही फोन हातात घेता, तिथे काहीतरी कायमचं बदलत असतं. वाद रंगतो तो याचमुळे. एक जण हालचाल मोजतो, दुसरा बदल मोजतो, आणि दोघंही त्याला वेग म्हणतात.

पाहण्याच्या पद्धतीचाही वाटा आहे. अमेरिकेत ही मालिका आठवड्याला एक अशी दाखवली गेली, फेब्रुवारी २०१५ पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत, एकूण ६३ भाग. माइकनं गाडी उचकटली तेव्हा लोक सात दिवस त्यावर डोकं लावत होते. तुम्ही रात्री एक वाजता चौथा भाग लावून तोच सीन पाहिलात. बिंज करताना, म्हणजे सलग भागांवर भाग बघताना, आपण नकळत फक्त कथानकाचा धागा धरून ठेवतो, कारण तेवढंच डोक्यात मावतं. धागा पुढे सरकला नाही की चिडचिड होते. दिवसाला एक, फार तर दोन भाग बघा. आणि तुम्ही लिहिलंय की कंटाळा आला की वेग दीडपट करता. ते आधी बंद करा. दीडपट वेगात बोलणं तरतं, कारण सबटायटल वाचता येतात. न बोलता चाललेलं काम मरतं. हात काय करतोय ते डोळ्याला वाचायला लागणारा वेळ संकलकानं मोजून ठेवलेला असतो. तुम्ही तोच कापता आणि वर म्हणता काही कळत नाही, कंटाळा येतो.

हेही खरं की काही लोकांना ही मालिका कधीच चढत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ५३ एमी नामांकनं आणि एकही पुरस्कार नाही असा तिचा विक्रम आहे. म्हणजे आदर करणारे पुष्कळ, जीव टाकणारे कमी, हे तिच्या नशिबी पहिल्यापासूनच होतं. कुणी नव्यानं सुरू करत असेल तर मी सांगतो, पहिल्या सीझनच्या नवव्या भागापर्यंत जा. तिथे चक जिमीला त्याच्या वकिलीबद्दल जे ऐकवतो ते ऐकून पोटात काही हललं नाही, तर सोडून द्या, पुढे वेगळं काही मिळणार नाही. तुम्ही मात्र चार सीझन काढलेत. त्या सीनवर तुम्ही उठून उभे राहिला होतात असं बहिणीनंच लिहून जोडलंय. तेव्हा तुमचा ‘मला पटत नाही’ हा दावा मी जरा सावधपणेच घेतो.

पाचवा सीझन लावा. लालो असल्यामुळे तुम्हाला हवी ती हालचाल मिळेल. आठवा भाग एकट्यानं, दिवे घालवून बघा. उन्हात दोन माणसं आणि ओझं एवढाच ऐवज आहे, पण एकदाही घड्याळाकडे बघणार नाही. सहाव्या सीझनचे पहिले सात भाग मात्र सलग दोन-तीन दिवसांत घ्या. त्यात एक फसवणुकीचा डाव इतक्या बारीकसारीक तपशिलानं रचलाय की तुम्ही पुन्हा मला लिहाल, हे सगळं कशासाठी. सातव्या भागाची शेवटची पाच मिनिटं बघून झाल्याशिवाय लिहू नका. आणि बहिणीला त्या खोलीत बसू देऊ नका, ती तुमच्याच तोंडाकडे बघत बसेल.